चोपडीतला फेब्रुवारी

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात, चेसापीक उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर टॅल्बट नावाची काउंटी आहे. सगळा सपाट मुलूख. मका-सोयाबीनची शेतं, मधूनमधून रान आणि जमिनीत बोटं घालावीत तसे आत शिरलेले पाण्याचे फाटे. त्यातल्या टकाहो नावाच्या फाट्यानं काउंटीची पूर्वेकडची बरीचशी हद्द आखून दिली आहे. कोकणातला माणूस त्याला नदी म्हणणार नाही, खाडीच म्हणेल. भरतीला पाणी चढतं, ओहोटीला चिखल उघडा पडतो, काठाला उंच गवताची दलदल. या काठावरची 107 एकर जमीन काउंटीनं, गुलामीत जन्मून पुढं गुलामगिरी मोडायला झटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांच्या नावानं उद्यान म्हणून राखली आहे. त्यांच्या जन्माला 2018 मध्ये दोनशे वर्षं झाली, त्या निमित्तानं.

या उद्यानात घर नाही. स्मारक म्हटलं की आपल्याला घर लागतं. नायगावला सावित्रीबाईंचं माहेर आहे, पुण्यात गंज पेठेत जोतीरावांचा वाडा आहे. उंबरठा ओलांडताना मान थोडी खाली घालता येते. टकाहोकाठी मान खाली घालायला उंबरठाच नाही. ज्या झोपडीत डग्लस वाढले तिचा एक वासाही उरलेला नाही, आणि ती जिथं होती असं अभ्यासक मानतात ती जागा उद्यानाच्या हद्दीतही येत नाही. ती जवळपासच्या खाजगी शेतात आहे. म्हणजे उद्यान आहे ते पाण्याचं, दलदलीचं, झाडांचं. मला यात काही उणं वाटत नाही. बेट्सी बेली ज्या पाण्यात उभी राहून मासे धरायची ते पाणी तरी तिथं आहे.

बेट्सी ही फ्रेडरिकची आजी. ती झोपडी तिचीच होती, म्हणजे गुलामाची असेल तेवढी. मातीची जमीन, मातीचंच धुराडं, खिडकी नाही. वर कुंपणाची लाकडं टाकून केलेला माळा, त्यावर चढायला शिडी. पोरांचं झोपणं तिथं. चुलीपुढे जमिनीत एक खड्डा, हिवाळ्याच्या कडाक्यात रताळी नासू नयेत म्हणून. बाहेर विहीर, तिच्यावर दुबेळक्यात बसवलेला आडवा वासा, इतका नेटका तोललेला की लहान पोराच्या एका हातानंही पाणी वर यावं. थोड्या अंतरावर मक्याची चक्की. दळणाला येणारी माणसं बघत बसायचं. डग्लसनी पुढं आपलं आयुष्य तीनदा लिहिलं, 1845, 1855 आणि 1881 मध्ये, आणि या झोपडीबद्दल लिहिताना त्यांची भाषा मऊ झाली आहे.

आजी मोठी कर्तबगार होती. सुईणपण करायची. जाळी अशी विणायची की आसपासच्या गावांतून मागणी यायची. वसंतात शॅड आणि हेरिंग हे मासे समुद्रातून गोड्या पाण्याकडे चढतात. पहिल्या पावसात आपल्याकडचे चढणीचे मासे ओढ्यात घुसतात तसाच हा प्रकार. त्या दिवसांत बेट्सी अर्धा अर्धा दिवस कमरेएवढ्या पाण्यात जाळं ओढत असे. रताळ्यांची लागण करायची असली की शेजारपाजारचे तिलाच बोलावत. तिच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणत. नातवाचं मत वेगळं होतं: ती रोपाला इजा होऊ देत नसे, बियाणं नीट जपत असे, त्याला लोक नशीब म्हणत.

तिचा नवरा आयझॅक हा लाकूड करवतायचं काम करणारा, आणि तो स्वतंत्र माणूस होता. पण मूल कुणाचं हे कायदा आईवरून ठरवी. आई गुलाम तर मूल गुलाम, आणि आईच्या मालकाचं. बाप मोकळा असून पोरं मालकीची. फ्रेडरिकची आई हॅरिएट दूरच्या शेतावर मजुरीला दिलेली होती. बेट्सीच्या बाकीच्या मुलीही अशाच ठिकठिकाणी राबत. त्यांची पोरं जमा होत या झोपडीत. यात मालकाची दयाबुद्धी शोधायला जाऊ नये. आईपासून मूल काढून म्हातारीकडे ठेवलं की तरणी बाई पूर्ण दिवस कामाला मोकळी होते, असा तो सरळ हिशेब होता.

हिशेब ठेवणारा माणूस होता एरन अँथनी. आपल्याकडे जहागीरदाराचा दिवाणजी असतो तसा हा कर्नल एडवर्ड लॉइडचा कारभारी. लॉइड म्हणजे बडं प्रस्थ: मेरीलँडचा गव्हर्नर झालेला, सेनेटर झालेला, हजारो एकरांचा आणि शेकडो गुलामांचा धनी. अँथनी त्या मानानं बारका मालक. गरिबीतून वर आलेला, स्वतःच्या दोन-तीन वाड्या आणि तीसेक गुलाम. पण लिहिण्यात व्यवस्थित. कोणत्या बाईला कोणतं मूल कधी झालं याची त्यानं चोपडी ठेवली होती. तिच्यात एक ओळ हॅरिएटच्या मुलाची आहे: नाव फ्रेडरिक ऑगस्टस, महिना, साल. ज्याच्याबद्दल ती ओळ होती त्याला ती जन्मभर दिसली नाही.

आपल्याही आज्यांना जन्मतारीख कुठं ठाऊक असायची? कुणी पेरणीच्या दिवसांत जन्मलेली, कुणी प्लेगच्या साली. टकाहोकाठचे गुलामही तसंच सांगत: लागणीच्या वेळी, कापणीच्या वेळी, चेरी पिकल्या तेव्हा. पण दोन्हींत एक फरक आहे. आपल्या आजीची तारीख कुणालाच माहीत नव्हती. फ्रेडरिकची तारीख मालकाला माहीत असणार हे त्या पोराला कळत होतं. गोऱ्या पोरांना आपलं वय सांगता येई, त्याला येत नसे, आणि गुलामानं विचारणं हा आगाऊपणा ठरे. त्याच्याबद्दलची माहिती त्याची नव्हती, मालकाची मालमत्ता होती.

1824 च्या ऑगस्टमध्ये, सहा वर्षांचा असताना, आजीनं त्याला लॉइडच्या वाड्यावर नेलं. बारा मैल, म्हणजे एकोणीस-वीस किलोमीटर, उन्हातून, पायी. काही वाट तिनं त्याला खांद्यावर घेतलं. तिथं पोरांचा घोळका खेळत होता. त्यातल्या तिघांकडे बोट दाखवून ती म्हणाली, हा तुझा भाऊ पेरी, या बहिणी, सेरा आणि एलायझा, जा, खेळ. फ्रेडरिक खेळायला गेला नाही, भिंतीला पाठ लावून उभा राहिला. थोड्या वेळानं एक पोर ओरडत आलं की आजी गेली. धावत स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं तर खरंच गेली होती, न सांगता. भावानं समजूत घालायला फळं दिली, ती त्यानं फेकून दिली. भावंडं एकाच आईची होती आणि एकमेकांना अनोळखी होती. गुलामगिरीवर हजारो पानं लिहिली गेली आहेत. त्या पद्धतीत कुटुंबाचं काय होतं हे या एका दुपारीइतकं स्वच्छ मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

वाड्यावरचं बाकी सगळं आता जगाला ठाऊक आहे. मक्याच्या पिठाचं घाटं लाकडी डोणीत ओतून पोरांना हाक मारायची, जो चपळ त्याचं पोट भरणार. अंगात गुडघ्यापर्यंतचा एक जाडाभरडा सदरा, बाकी काही नाही. थंडीत भेगाळलेल्या पायांबद्दल डग्लसनी लिहिलं आहे की लिहायची लेखणी त्या भेगेत मावली असती. एकदा आई रात्रीची चालत आली. स्वयंपाकीण पोराला उपाशी ठेवत होती, तिला आईनं झापलं आणि लेकाला गोड केक दिला. त्यानंतर ती फार जगली नाही.

लॉइडचा तो वाडा आजही उभा आहे. वाडे टिकतात, झोपड्या जातात. जतन करणाऱ्या संस्थांनी कितीही मनावर घेतलं तरी हा तोटा भरून येत नाही, कारण जतन करायला आधी काहीतरी उरलेलं लागतं.

पुढची चौदा वर्षं मी भराभर सांगतो. 1826 मध्ये फ्रेडरिकला बाल्टिमोरला ह्यू ऑल्डकडे पाठवलं. ऑल्डची बायको सोफिया हिनं त्याला मुळाक्षरं शिकवली. नवऱ्यानं ते थांबवलं, गुलाम वाचायला शिकला की कामातून गेला असं म्हणून. पोरानं ते ऐकलं आणि वाचायचं हे कायमचं ठरवलं. अँथनी मेल्यावर 1827 मध्ये त्याच्या इस्टेटीची वाटणी झाली. त्यात गुरं, डुकरं आणि माणसं एका रांगेत उभी करून किमती ठरल्या. फ्रेडरिक ह्यूच्या भावाकडे, अँथनीचा जावई थॉमस ऑल्ड याच्याकडे गेला. मग पुन्हा बाल्टिमोर, पुन्हा टॅल्बट, एडवर्ड कोव्ही नावाच्या ‘गुलाम नरमवणाऱ्या’ शेतकऱ्याशी 1834 मधली झटापट, पळण्याचा फसलेला बेत, ईस्टनचा तुरुंग. 3 सप्टेंबर 1838 ला खलाशाचा वेष आणि एका स्वतंत्र काळ्या खलाशाचे कागद घेऊन तो आगगाडीत चढला आणि दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कला पोचला. पळायला मदत केली ॲना मरी हिनं. ती टकाहोच्या पलीकडच्या काठाची, कॅरोलाइन काउंटीतली, स्वतंत्र जन्मलेली. खाडीच्या दोन तीरांवरची ही दोन माणसं बाल्टिमोरला भेटली आणि पळून गेल्यावर बारा दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं लग्न झालं. बेलीचं डग्लस झालं ते त्यानंतर, न्यू बेडफर्डला.

1841 पासून डग्लस सभांमधून बोलू लागले आणि वेगळीच पंचाईत झाली. ते इतकं चांगलं बोलत की लोकांना खरं वाटेना. हा माणूस गुलाम असेलच कसा? यावर 1845 च्या आत्मकथेत त्यांनी जे केलं त्याला धाडस हाच शब्द आहे. सगळे पत्ते दिले. टकाहो, हिल्सबरोजवळ, ईस्टनपासून इतके मैल. मालकाचं नाव, कारभाऱ्याचं नाव, कोणी कुणाला कुठं मारलं त्याचं ठिकाण. पुस्तकाचा भूगोल म्हणजे साक्षीदाराची जबानी होती. आणि ती कायद्यानं अजूनही थॉमस ऑल्डच्या मालकीच्या असलेल्या माणसानं दिलेली होती. पकडायला येणाऱ्याला पत्ता सापडत नव्हता तो आता छापून मिळाला. म्हणून मित्रांनी त्यांना त्याच वर्षी ब्रिटनला धाडलं.

गंमत अशी की या जबानीची खातरजमा केली विरोधकानंच. टॅल्बटमध्ये राहिलेल्या ए. सी. सी. थॉम्प्सन नावाच्या गृहस्थानं डेलावेअरच्या वर्तमानपत्रात लिहिलं की सगळं खोटं आहे. आपण त्या गुलामाला ओळखत होतो, त्याचं नाव फ्रेडरिक बेली, आणि त्याला असं पुस्तक लिहिणं शक्य नाही. डग्लसनी स्कॉटलंडहून जाहीर आभार मानले. आपण कोण हे सिद्ध करायला गोऱ्या साक्षीदाराची गरज होती, ती आयती भागली. पुढं 1846 च्या अखेरीस इंग्लंडमधल्या मित्रमंडळींनी 150 पौंड, म्हणजे 711 डॉलर 66 सेंट, भरून त्यांच्या सुटकेचा कागद करून घेतला. स्वतःच्याच सुटकेची किंमत मालकाला का द्यायची, म्हणून चळवळीतल्या काही मंडळींनी यावर कुरकुर केली. ज्यांच्या मागावर कुणी नसतं त्यांना अशी तत्त्वं परवडतात.

त्या जबानीत एक चूक होती, आणि ती आजीबद्दल होती. म्हातारपणी मालकांनी बेट्सीला रानातल्या खोपटात एकटं मरायला सोडलं असं डग्लसनी लिहिलं. तो मजकूर वाचताना वाचणाऱ्याचा श्वास अडकतो. 1848 मध्ये थॉमस ऑल्डला लिहिलेल्या जाहीर पत्रातही त्यांनी तोच आरोप केला. प्रत्यक्षात बेट्सी वाटणीत ऑल्डकडे गेलीच नव्हती; ती त्याच्या मेव्हण्याच्या वाट्याला आली होती, आणि ऑल्डनं तिला आपल्याकडे आणून ठेवलं होतं. हे कळल्यावर डग्लसनी 1849 मध्ये आपल्या वर्तमानपत्रात दुरुस्ती छापली. त्याच वर्षी ती गेली. तिला भेटायला जाणं त्यांना कधी जमलं नाही. सुटकेचा कागद होईपर्यंत तर त्या काठावर पाय ठेवणं म्हणजे बेड्याच.

मेरीलँडमधली गुलामगिरी संपली 1 नोव्हेंबर 1864 ला, राज्याच्या नव्या घटनेनं. अध्यक्ष लिंकनच्या 1863 च्या गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्यातून हे राज्य वगळलेलं होतं, कारण ते देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांपैकी नव्हतं. मग 1865 ची तेरावी घटनादुरुस्ती आली आणि साऱ्या देशात कायद्यानं हा विषय मिटला. त्याची खबर पुण्यापर्यंत पोचली होती. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली ती अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण करून, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. आणि आपल्या देशबांधवांनी तोच कित्ता गिरवावा अशी आशा त्यात व्यक्त केली. डग्लसचं नाव त्या अर्पणपत्रिकेत नाही. तरीही ती पत्रिका ज्या लोकांच्या नावे आहे त्यांत टकाहोकाठचा हा पोर बसतो. आणि जोतीरावांनी निवडलेला शब्द बघा. जातीच्या जाचाला त्यांनी नाव दिलं तेच, गुलामगिरी.

जून 1877 मध्ये डग्लस टॅल्बटमधल्या सेंट मायकल्सला गेले. थॉमस ऑल्ड अंथरुणाला खिळलेला होता, त्यानं बोलावून घेतलं. दोघंही गहिवरले. डग्लसनी आजीच्या बाबतीतली चूक त्याच्यासमोर कबूल केली. आणि मग विचारलं तो प्रश्न, जो साठीच्या, देशभर नाव झालेल्या माणसाच्या मनात सहा वर्षांच्या पोरासारखा टोचत होता: माझा जन्म कधीचा? ऑल्ड म्हणाला, तारीख नाही सांगता येणार, पण फेब्रुवारी 1818 असावा. डग्लस स्वतःला वर्षभरानं मोठे समजत आले होते, ऑल्डच्या पहिल्या बायकोच्या एका जुन्या बोलण्यावरून. आता कुणाचं खरं धरायचं? काळ्या चळवळीतल्या काहींना ही भेट रुचली नाही. पूर्वीच्या धन्याच्या खाटेशी जाऊन बसायचं कशाला? मला वाटतं, त्यातलं निम्मं कारण हा प्रश्न होता. उत्तर ठाऊक असणारा दुसरा माणूस जिवंत नव्हता.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबर 1878 मध्ये, ते पुन्हा आले. ज्या ईस्टनमध्ये त्यांना दोरानं बांधून तुरुंगात आणलं होतं तिथंच कोर्टात त्यांचं भाषण झालं. मग ते टकाहोकडे निघाले. झोपडी नव्हती. चोपन्न वर्षांत रान वाढलं होतं, वाटा बदलल्या होत्या. वाट दाखवायला गावातला एक जण बरोबर होता. घळीच्या तोंडाशी असलेल्या एका सीडरच्या झाडावरून त्यांना जागेची खूण पटली. त्यांनी तिथली माती ओंजळीत घेतली आणि वॉशिंग्टनला आपल्या घरी नेली. घराचं नाव सीडर हिल. तीन वर्षांनी ते लॉइडच्या वाड्यावरही गेले, या वेळी सरकारी बोटीतून. घरधनी गावाला गेला होता. मुलानं त्यांना सगळीकडे फिरवलं, मदिरेचा पेला पुढं केला. तिथून त्यांनी माती आणल्याचं मला वाचायला मिळालेलं नाही.

म्हणजे टकाहोकाठचं पहिलं स्मारक डग्लसनी स्वतःच केलं, एका ओंजळीचं. काउंटीला जाग यायला फार वेळ लागला. ईस्टनच्या कोर्टासमोर 1916 पासून यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूनं लढलेल्या टॅल्बटच्या सैनिकांचा पुतळा उभा होता. त्याच हिरवळीवर डग्लसचा पुतळा आला जून 2011 मध्ये, आणि तोही बराच वाद होऊन. गुलामगिरी टिकवायला लढलेली मंडळी आणि ती मोडायला झटलेला माणूस अकरा वर्षं एकाच अंगणात राहिले. मार्च 2022 मध्ये सैनिकांचा पुतळा तिथून हलवला गेला.

डग्लसनी वाढदिवसासाठी 14 फेब्रुवारी हा दिवस धरला होता. आई लाडानं आपल्याला व्हॅलेंटाइन म्हणायची अशी एक पुसट आठवण त्यामागं सांगतात. पुढं 1926 मध्ये इतिहासकार कार्टर वुडसन यांनी काळ्यांच्या इतिहासाचा आठवडा सुरू केला तो लिंकन आणि डग्लस या दोघांचे वाढदिवस साधून. आजचा पूर्ण महिना त्यातूनच वाढला. साऱ्या देशाचा एक महिना एका माणसानं स्वतःसाठी अंदाजानं धरलेल्या तारखेला टेकून उभा आहे.

अँथनीची चोपडी टिकली. ती आज अ‍ॅनापोलिसला, मेरीलँडच्या पुराभिलेखागारात आहे. डिक्सन प्रेस्टन या पत्रकारानं डग्लसच्या तरुणपणावर लिहिलेल्या 1980 च्या पुस्तकात तिच्या आधारे साल पक्कं केलं. फेब्रुवारी 1818. ऑल्डचं बरोबर होतं. तारीख चोपडीतही नाही.

डग्लस मात्र शोधत राहिले. 1894 मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, ते आगगाडीनं बाल्टिमोरला गेले. ऑल्डच्या वंशातला एक डॉक्टर तिथं राहत होता. त्याच्याकडे जुने कागद, जुनी सालं काही मिळतात का, विचारायला. मिळालं ते तुटपुंजं. पुढच्या वर्षी, 20 फेब्रुवारी 1895 ला, स्त्रियांच्या एका परिषदेहून परतल्यावर सीडर हिलच्या घरात संध्याकाळी ते कोसळले आणि गेले. ही तारीख सगळ्या वर्तमानपत्रांनी छापली.